दुसऱ्या भाकरीचा विषय

आमच्या सावद्याच्या घरात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. ते म्हणतील त्याला 'बरं' म्हणायचं आणि मागाहून आईच्या कानावर घालायचं. आबा जेवायला बसले, दुसरी भाकरी ताटात पडली, की आई हळूच विषय काढायची. केळीला पाणी कधी सोडायचं इथपासून थोरल्या बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं याच वाटेनं गेलं. मी शिकाऊ म्हणून सहा महिने हॉलंडला जायचं, हेही दुसऱ्या भाकरीलाच मंजूर झालं. अट मात्र आबांनी मला स्वतः सांगितली. चांगला दाखला आणलास तर नगररचनेची नोकरी कर, नाहीतर मुकाट्यानं लग्नाला उभी राहा.

तिथल्या नगरपालिकेत मला काम मिळालं ते चौकात उभं राहून येणारी-जाणारी माणसं मोजायचं. घरी कळलं असतं तर हसून हसून लोळले असते. थंडीनं बोटं वळायची नाहीत, पण मी तीन आठवडे इमानानं मोजलं. गंमत म्हणजे चौकातून फारसं कोणी जातच नव्हतं. म्हाताऱ्या बायका शाळेमागच्या कुंपणाच्या फटीतून दुकानाला जायच्या. आणि विभागाच्या नव्या आराखड्यात नेमकी तिथेच भिंत होती.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "आराखडा कसा वाटतो?"

"छान आहे," मी म्हटलं.

दुपारी मात्र त्यांच्या टायपिस्ट बाईंना त्या फटीबद्दल सगळं सांगितलं. बाई रोज साहेबांबरोबर जेवायला बसत. म्हटलं, काढतील विषय. मी निर्धास्त. कसल्या काढतायत! त्यांना वाटलं, मी आपल्या गप्पा मारतेय.

तीन महिन्यांनी साहेबांनी माझा मधला अहवाल दाखवला. 'स्वतःचं मत नाही. पुढे ठेवण्यात अर्थ नाही.' दाखला गेला, नोकरी गेली, आता इथून थेट बोहल्यावर. रागही आला.

"मी सांगितलं होतं की," मी म्हणाले, "तुमच्या बाईंना."

"त्यांना कशाला? आराखडा माझा आहे."

आता या माणसाला दुसरी भाकरी कशी समजावणार? शेवटी त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाले, "काय चुकलंय ते मला सांगा."

मी सांगितलं. नजर नकाशावरून वर उचलली नाही. ते चिडले नाहीत. दोन दिवस स्वतः त्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि भिंतीत वाट ठेवली. माझे उरलेले तीन महिने वाचले. निघताना मिळालेल्या दाखल्यात लिहिलं होतं, 'चूक दिसली की सांगते.'

त्या दाखल्यावर धुळ्याच्या एका कार्यालयात नगररचनेचं काम मिळालं. रुजू व्हायला आठ दिवस होते. आबा ओट्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "धुळं राहू दे आता. भुसावळचं स्थळ आलं, पोरगा रेल्वेत आहे. मी होकार कळवतो त्यांले."

आईनं आतून मला खुणावलं. बरं म्हण, मी जेवताना काढते विषय. मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"नाही आबा," मी म्हणाले. "हे चुकतंय."

आई दारातच थांबली.

"काय चुकतं, सांग मले," आबा म्हणाले.

अट तुम्हीच घातली, दाखला मी आणला, आता शब्द तुमचा आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी दाखला मागवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून मी ती ओळ मराठीत सांगितली.

"ते तं दिसलं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आई ताट वाढून वाट बघत बसली. पहिलीच भाकरी मोडता मोडता आबांनी मला विचारलं, "धुळ्याची एसटी कितीले निघते?"