पुरी हाये, पाहून घे

संध्याकाळी मुलाला घ्यायला गेलं की मावशी त्याला नुसतं बाहेर सोडत नसे. नावानं हाक मारायची, त्याचा हात आपल्या हातात ठेवायची आणि माझ्या लेकीच्या वेळी मला म्हणायची, "घे वं, तुही मिनू. पुरी हाये, पाहून घे." तुम्ही खरंच नखशिखांत पाहिल्याशिवाय ती हलायची नाही.

बेसा भागात, आमच्याच गल्लीत तिचं पाळणाघर होतं. नवऱ्यामागे एकटीनं चालवलेलं. एकदा एक आजोबा स्कूटर चालू ठेवूनच नातवाला घ्यायला आले. मावशीनं आधी ती बंद करायला लावली. आजोबा चिडले, "अवो, हा मोजा दुसऱ्याचा दिसते!"

"मोजा दुसऱ्याचा हाये, पोट्टा तुमचाच हाये. पाहून घ्या."

तिचा मुलगा अमेरिकेत असायचा, तिथलाच नागरिक झालेला. मधली काही वर्षं त्याचे फोन फार कमी झाले. कामात असेल, असं ती समजत होती. मग एकदाचं त्याचं यायचं ठरलं. मावशीनं पाळणाघराला सुट्टी दिली, जवसाची चटणी कुटली आणि मी तिला गाडीतून विमानतळावर नेलं. विमान आलं, माणसं बाहेर पडली, तो काही आला नाही. मग मुंबईहून त्याचा फोन आला. तिथूनच त्याला परत पाठवत होते.

"काहून?" मावशीनं विचारलं. कागदांची काही गडबड आहे म्हणाला.

"खरं सांग."

त्यानं सांगितलं ते तिनं गाडीत बसल्यावर मला सांगितलं. एका लहान मुलीवर त्यानं अत्याचार केला होता. तुरुंग भोगून झाला, पण नाव तिथल्या गुन्हेगारांच्या यादीत राहिलं, पासपोर्टातही तसं छापलं गेलं. तो निघाल्याचं तिथल्या सरकारनं इथे आधीच कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दार उघडणार नाही असं मला वाटलं. तिनं उघडलं. संध्याकाळी एकेक मूल हातात देताना तिनं प्रत्येक आईला सगळं सांगितलं. "तो इथं येणार नाई. पण तुमाले माहीत पाहिजे." कुणीही विचारलेलं नव्हतं. काही जणींनी मुलं काढून घेतली. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही, आजही नाही.

तिचा भाऊ म्हणाला, "तू आजारी हायेस म्हणून सरकारले अर्ज करू. मायसाठी येऊ देतीन त्याले एखादवेळी."

"मी ठणठणीत हाये. अन् माह्या घरात लेकरं राहतात गा. त्याले अडवलं ते बरं केलं." एवढं बोलून ती मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

उरलेली मुलं शाळेत जाऊ लागली तसं तिनं पाळणाघर बंद केलं आणि स्वतः व्हिसा काढला. विमानतळावर सोडायला मी आणि मिनू गेलो. पिशवीत पुन्हा जवसाची चटणी होती.

"मावशी, म्हणजे त्याला माफ केलंत?"

"तसं नाई वं. पोटचा हाये, म्हणून जाऊन राहिली. पण त्याले एक इचारायचं हाये. त्या पोरीचं नाव. फोनवर इचारलं का गप्प बसते."

"नाव कशाला?"

"इतकी वर्षं मी एकेकाचं नाव घेऊन लेकरू मायच्या हातात दिलं. तिचं नाव त्यानं माह्यासमोर बसून घ्यावं."

मग तिनं मिनूचा हात माझ्या हातात ठेवला. "पुरी हाये, पाहून घे."

मी मिनूकडे पाहिलं, अगदी नीट. मान वर केली तोवर मावशी आत गेली होती.