धर्मशाळेतली कानबाई

पांझरेच्या काठी, धुळ्याच्या खालच्या अंगाला एक छोटं गाव होतं. गाव कसलं, नावाला म्युनिसिपालिटी असलेलं खेडंच. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं भांडकुदळ, उद्या माझ्या दारात येऊन उभी राहायची. त्या भांडकुदळ गावातसुद्धा जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ती भिकुबाई. साक्रीकडच्या डोंगरातली लेक, इकडे उखर्डू गाडीवानाला दिलेली. उखर्डू तापानं गेला, पोरबाळ झालं नव्हतं. भिकुबाईनं कमरेला पदर खोचला आणि कापसाच्या जीनमध्ये सरकी वेगळी करायच्या कामावर जाऊ लागली. मुकादमानं एकदा तिची पाटी लाथेनं उलटवली, तर हिनं तीच पाटी उचलून त्याच्या डोक्यावर पालथी घातली. कापूस त्याच्या मिशांना चिकटला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही म्हणतात.

सदतीस-अडतीस सालच्या सुमाराची गोष्ट. पांझरेला पूर आला आणि नदीकडची आळीच्या आळी धुऊन गेली. लोक हाताला येईल ते घेऊन पळाले. कुणी शेळी, कुणी हंडा, कुणी सासऱ्याला पाठुंगळी. भिकुबाई बाहेर पडली होती, ती पुन्हा छातीएवढ्या पाण्यात शिरली. लोक ओरडतायत, अगं भवाने, मरशील. ती आली ती पदराला एक जुना नारळ बांधून. नवा तांब्याचा हंडा तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. लोक हसले. हसोत बापडे. तो नारळ म्हणजे तिच्या घरची कानबाई, कुळाची देवी. सासूनं सुनेला, त्या सुनेनं तिच्या सुनेला दिलेली. खानदेशात घर म्हणजे भिंती नव्हेत. जिथं कानबाई बसते ते घर.

पण पाऊस भिंतीच मागतो. गेलेल्या आळीतली माणसं म्युनिसिपालिटीच्या धर्मशाळेत आली. हळूहळू कुणी भावाकडे गेलं, कुणी मेव्हण्याकडे, आणि शेवटी ज्यांना कुणीच नव्हतं ती उरली. एक भिकुबाई. दुसरी मंजुळाबाई, नदीकाठी वांगी-मिरच्या विकणारी म्हातारी, डोळ्यांना धूसर दिसायचं, एकुलता लेक पुरात गेलेला. तिसरी सुंदरबाई, तरणीताठी, नवऱ्यानं टाकलेली. माहेरच्यांनी दार लावलं आणि पुरानं भाड्याचा कोपरा नेला. एका ओसरीत तीन चुली. तिघींचं जात-कूळ वेगळं, देव वेगळे, आणि भांडण मात्र एक. राख कुणी सांडली, पाणी कुणी संपवलं. भिकुबाई दिवसातून एकदा तरी म्हणायची की या दोघींपेक्षा पूर बरा होता.

उन्हाळ्यात गावात दवंडी पिटली गेली. सरकारनं आणि म्युनिसिपालिटीनं मिळून निवारा फंड काढला होता. गावाबाहेर नव्या खोल्यांची ओळ बांधायची, पुरात घर गेलेल्यांना तिथं भाड्यानं ठेवायचं, आणि अर्धं भाडं फंडानं भरायचं. सगळा गाव चावडीपुढे लोटला. जीवरामनाना त्या फंडाचे कारकून. ते ओट्यावर उभं राहून एकेक कलम वाचत होते आणि भिकुबाई गर्दीत टाचा उंचावून ऐकत होती. सरकार भाडं भरणार, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. सरकार घेतं एवढंच तिला ठाऊक. अर्धं भाडं तर जीनच्या मजुरीत सहज निघालं असतं. तिचं काळीज असं धडधडायला लागलं की शेजारची बाई म्हणाली, बस जरा खाली.

मग नानांनी शेवटचं कलम वाचलं. खोली कुटुंबाला मिळेल. एकट्यादुकट्या माणसाला मिळणार नाही, त्यानं नातेवाइकांकडे सोय बघावी. आणि श्रावण सरायच्या आत धर्मशाळा रिकामी व्हायची होती, कारण ती दुरुस्तीला निघणार होती.

"आम्ही तिघी काय करानं मग?" भिकुबाईनं गर्दीतून विचारलं.

"तुम्ही तिघी म्हणजे तीन एकट्या," जीवरामनाना कागदातून डोकं न काढता म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण कागदापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे.

देवाला काळजी म्हणतात ती अशी. चारच दिवसांत भिकुबाईचा पुतण्या चुडामण धर्मशाळेत हजर. उखर्डूच्या थोरल्या भावाचा लेक. पुरानंतर एकदाही फिरकला नव्हता आणि आता काकू-काकू करत ओसरीवर बसला. गोम अशी की त्याचंही घर गेलेलं होतं, त्याला खोली मिळणारच होती, पण घरात एक माणूस वाढलं तर कोपऱ्यावरची मोठी, दोन खणांची खोली मिळत होती. म्हणून काकू हवी. भिकुबाईला ते न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण छप्पर ते छप्पर. तिनं हो म्हटलं. चुडामणनं जाऊन नानांकडे तोंडी सांगितलंही, आणि ठरलं की श्रावणात कानबाईच्या सणाला तो रोट खायला येईल, मग दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन जाईल.

त्या रात्री तिनं दोघींना हे सांगितलं नाही. सकाळी सांगितलं, तेही भांडून. राख कुणी सांडली म्हणून सुरुवात केली आणि मी चालले आता इथून, सांभाळा तुमची राख, असं म्हणून मोकळी झाली. सुंदरबाई सांडलेली राख भरायला लागली. मंजुळाबाई म्हणाली, "बरं व्हयनं माय. एक ते सुटनी." भिकुबाईला त्या बरं व्हयनंचा राग आला. म्हातारीनं भांडायला हवं होतं.

श्रावण लागला. नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. धर्मशाळा असो नाहीतर राजवाडा, कानबाई बसणारच. भिकुबाईनं ओसरी शेणानं सारवली, चुन्याचा हात दिला, पाट घासून पांढरा केला. आता रोटाचं ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचे. ते घरच्याच जात्यावर दळायचे, चाळायचे नाहीत. त्याचा रोट, म्हणजे जाड पोळी, करायचा आणि तो फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही. लग्न झालेली लेक आली तर तिलाही नाही, ती दुसऱ्या घरची झाली. ज्यांनी एक रोट खाल्ला ती एका घरची माणसं. याला खानदेशात कुणी वाद घालत नाही.

भिकुबाईनं स्वतःच्या आणि चुडामणच्या घरच्यांच्या नावानं गहू काढले, टोपल्यात ठेवले आणि नदीवर अंघोळीला गेली. परत आली तर मंजुळाबाई टोपल्यापाशी. रिकामी चिंधी झटकतेय.

"मन्हा गहू बी त्याच टोपलामा टाकात मी," म्हातारी खुशीत म्हणाली. "सुंदरना बी. जातं एकच शे ना?"

तिला दिसलं नव्हतं की ते टोपलं रोटाचं आहे. ती बिचारी रोजच्या भाकरीचं दळण समजली.

भिकुबाईच्या अंगाचा भडका उडाला. "डोया फुटनात का तुना, मंजुळामाय?" ती म्हणाली, आणि जीभ चावली. फुटत आलेलेच होते ते. म्हातारी खाली बसली. सुंदरबाई धावत आली, काय झालं ते तिला कळलं आणि तिचा चेहरा उतरला. तीन कुळांचे गहू एका टोपल्यात. आता त्यातला कुठला दाणा कुणाचा ते देवीलाच माहीत.

"अक्का, फेकी दे व," सुंदरबाई म्हणाली. "नवा काढ."

फेकायचे कसे? कानबाईच्या नावानं काढलेले गहू फेकणं म्हणजे घरच्यांनाच उंबऱ्याबाहेर फेकणं. भिकुबाई टोपल्यापुढे किती वेळ बसली कोण जाणे. मग उठली, जात्याचा खुंटा ठोकला आणि दळायला बसली. तोंडानं दोघींना शिव्या चालूच होत्या. पण दळत होती. थोड्या वेळानं सुंदरबाईनं समोर बसून खुंट्याला दुसरा हात लावला, तर तिलाही शिवी दिली आणि हात काढू दिला नाही.

रविवारी कानबाई बसली. काय सजली होती म्हणून सांगू. नारळाला नथ, डोळे, कुंकवाचा मळवट, सुंदरबाईचं एकुलतं हिरवं लुगडं नेसवलेलं. वर केळीचे खांब आणि फुलोरा. गावच्या बाया बघायला लोटल्या आणि म्हणाल्या, धर्मशाळेची कानबाई पाटलाच्या कानबाईला भारी आहे. भिकुबाई वरून मख्ख, आतून फुलून आलेली. फुगड्या सुरू झाल्या, टिपऱ्या सुरू झाल्या. मंजुळाबाईला कुणीतरी उठवलं तर म्हातारी अशी गिरकी घेऊन फिरली की आख्खी ओसरी हसली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदा हसताना दिसली.

दिवेलागणीला चुडामण आला, धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. पाया पडला, पाटावर बसला. पानं मांडलेली पाहिली तर आपल्या पानाशेजारी म्हातारी आणि सुंदरबाई. त्यानं विचारलं, तेव्हा भिकुबाईनं गव्हाचं जे झालं ते सांगून टाकलं. लपवणं तिच्या रक्तात नव्हतं.

चुडामण पाटावरून उठला. "काकू, तो रोट मी खावाव नही," तो म्हणाला. "आनि तू खाशी, ते मन्हा घरमा तुनं नाव नही. नाना सकाळीच येणार शेत. सांगी दिसू."

फुगड्या थांबल्या. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सुंदरबाईनं आपलं पान उचललं आणि मागे सरली. "अक्का, तू जाय त्यासनासंगे. आम्ही जासूत कोठे बी."

भिकुबाईनं पुतण्याकडे पाहिलं. त्याच्यामागे दोन खणांची खोली होती, पक्की कौलं होती, अर्धं भाडं होतं. मग तिनं त्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी पानापुढे हात मांडीत घेऊन बसली होती, तिला हाकललं तर कुठल्या बाजूला जायचं हेही तिला दिसलं नसतं. भिकुबाईला खरंच भीती वाटली, पुरात वाटली नव्हती एवढी. तिनं रोटाचा एक तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि म्हातारीच्या तोंडात घातला. दुसरा सुंदरबाईच्या. मग तिसरा स्वतःच्या.

"कानबाईनं घर बदलं," ती चुडामणला म्हणाली. "तू जाय आते, भाऊ."

चुडामण गेला. आणि ओसरीत जी टिपऱ्यांची दणदण सुरू झाली, ती पलीकडच्या काठाला ऐकू गेली असेल.

सोमवारी सकाळी तिघींनी कानबाई नदीवर नेली. भिकुबाईच्या डोक्यावर पाट, पुढे ढोल, मागे निम्मा गाव नाचतोय. जिथं त्यांची घरं होती त्याच काठावर तिला न्हाऊ घातलं. घरं नेलेली नदी आता गुडघ्याएवढी, गरिबासारखी वाहत होती. ओल्या लुगड्यांनी तिघी परत आल्या आणि उरलेला रोट खायला बसल्या. रोट पुनवेच्या आत संपवायचा असतो.

तेवढ्यात जीवरामनाना आले. हातात फंडाची वही, मागे शिपाई. चुडामण आधीच भेटून गेला होता हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"भिकुबाई, पुतण्यानं नाव काढलं तुझं," ते म्हणाले. "धर्मशाळा आता रिकामी करायची आहे. खोली कुटुंबाला मिळते, हे मी सांगितलं होतं."

"कुटुंबच शे हाई," भिकुबाई म्हणाली. "तीन मानसं. एक रोट खाधा आम्ही."

शिपाई हसला. नाना हसले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरी काल कानबाई होती, मिशीला अजून हळदीचा डाग होता. ते ओट्यावर टेकले, टोपी काढून घाम पुसला. "खोलीसाठी कितीजणी माझ्याकडे खोट्या आई-लेकी बनून आल्या ठाऊक आहे?" ते म्हणाले. मग सहज म्हणावं तसं बोलले, "दमलो बुवा. एक तुकडा दे बरं मला त्यातला. तुमचं काम करतो, प्रसाद तरी खातो."

आणि हात पुढे केला.

त्या हातात खोली होती. सुंदरबाईचे डोळे मोठे झाले, तिनं भिकुबाईला कोपरानं ढोसलं. मंजुळाबाईनं तर स्वतःच्या पानावरचा तुकडा चाचपडत उचललाही. भिकुबाईनं तिचा हात धरला आणि खाली ठेवला.

"रोट बाहेरना मानुसले नही देतस आम्ही, नाना," ती म्हणाली. "खीर देसू. पुरनपोई देसू. रोट नही."

"विचार कर. मी आत्ता काय लिहीन त्यावर तुझं छप्पर आहे."

"ते तुम्हना मनवर शे. हाई आम्हना मनवर नही."

जीवरामनानांनी पुढे केलेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि वही उघडली. त्यांची ऑफिसची बोली कुठे गेली कुणास ठाऊक. "नातं खोटं ऱ्हातं ते रोट दी टाकती तू," ते हळूच म्हणाले. "सारा गाव माले लाडू खावाडस आनि तू रोट नही दिना." त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, कुटुंबप्रमुख भिकुबाई, भाऊबंद सुंदरबाई, भाऊबंद मंजुळाबाई. शेवटून दुसरी खोली.

मंजुळाबाईनं मान वर केली. "मन्हं नाव परत वाच ना भाऊ," ती म्हणाली.

नानांनी वाचलं. म्हातारीनं आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा विचारणार तोच भिकुबाई तिच्यावर खेकसली, पण डोळ्यांतलं पाणी तिला आवरत नव्हतं आणि पुसायला दोन्ही हात उष्टे होते.

"खाय व माय," ती म्हणाली. "घरना रोट शे, सराले पाहिजे."