पातळ केलेलं पेनिसिलिन
थोरल्या काकांनी मला शेतातल्या वखरामागून काढून शाळेत घातलं, म्हणून आमच्या तेल्हाऱ्याच्या घरात पहिली पदवी आली. औषधाचा कुबट वास आला की मला अकोल्याच्या दवाखान्यातली त्यांची खाट आठवते. त्यांचा एक डोळा तुरीची वाळकी काडी, तुराटी, लागून लहानपणीच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू काढल्यावर पू झाला होता. तेव्हा नवंच असलेलं पेनिसिलिन नागपूरहून मागवलं होतं. डॉक्टर त्या पिवळ्या भुकटीत मिठाचं पाणी मिसळू लागले, तशी काकू कडाडली, "दुधात पानी टाकून राह्यले का जी डॉक्टरसायब? निरं काहून नाई देत?" डॉक्टर म्हणाले, "बाई, हे डोळ्याच्या आत सोडायचं आहे. बुबुळाच्या काचेला आतून एक नाजूक अस्तर असतं. तीव्र औषधानं ते मेलं, तर पुन्हा येत नाही." "अन् पातळानं पू नाई गेला त?" डॉक्टर म्हणाले, "तर डोळा जाईल. तुम्हीच ठरवा." काका माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "तू शिकला ना बे, तूच सांग." मी म्हणालो, "पातळच द्या." पट्टी सोडली तेव्हा पू ओसरला होता, पण काच धुरकट झाली होती. "नुसती सूज असेल तर उतरेल," एवढंच डॉक्टर बोलले. मला अमरावतीला नोकरीवर परतावं लागलं. काकांना जेमतेम वाचता यायचं, म्हणून बोटाएवढी अक्षरं काढून मी लिहिलेलं पत्र मला आजही पाठ आहे: "काका, हे तुम्ही स्वतः वाचत असाल, तर उलट टपाली कळवा. दुसरं कोणी वाचून दाखवत असेल, तर उत्तर नको; त्याला इथेच थांबू द्या."