अंधारात सोडलेला कोंबडा

एका परसात दोन कोंबडे नांदत नाहीत, असं लोक छातीठोक सांगतात. सांगोत बापडे! त्यांनी चंद्रभागेचं परसदार बघितलेलं नाही. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या वाडीत तिचं घर. घरामागे तांबडा, काळा नि ठिपक्याठिपक्यांचा कवड्या असे तीन कोंबडे, डझनभर कोंबड्या घेऊन सुखानं उकिरडा उकरत असतात.

शेजारच्या रेश्माचे दोन कोंबडे एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करायचे. ती विचारायला आली, "काकी, तू काय मंतर घालतेस गो?"

"मंतर कसला डोंबलाचा!" चंद्रभागा उखडली. "एकाच खुडूक कोंबडीखालची पिल्लं वाढव. त्यांची ताटातूट करू नको. दाना चार ठिकानी टाक, नि कोंबड्या कमी पडू देऊ नको. मंग कशाला भांडतील?"

ताटातूट करू नको हे ती अनुभवानं सांगत होती. मागे एकदा मुंगसानं काळ्याचा पाय धरला. हळद भरून तिनं त्याला घरात डालग्याखाली ठेवला. बरा झाल्यावर भरदिवसा परसात सोडला, तर तांबडा नि कवड्या असे काही तुटून पडले, की बघवेना. एका आईची पिल्लं, पण आठ-दहा दिवस दिसला नाही तर भाऊ परका झाला! मग तिनं काळ्याला पुन्हा आत घेतलं. दिवेलागण होऊन बाकीचे खुराड्यात दांडीवर बसले, तेव्हा अंधारात हळूच नेऊन त्याला दोघांच्या मधे बसवलं. कोंबड्याला अंधारात दिसत नाही. सकाळी तिघं पंखाला पंख लावून उठले आणि काही झालंच नाही अशा थाटात खाली उतरून कण्या टिपायला लागले.

"अंधारात शेजारची ऊब लागली, की परकेपन जातं," असं ती त्यानंतर ज्याला त्याला सांगायची. आणि बिचारीला ते मनापासून खरं वाटायचं.

कारण तिच्या घरातही दोन भाऊ होते. थोरला राजेंद्र मुंबईला, बायकामुलांसकट. धाकटा भरत बिनलग्नाचा. बिरवाडीजवळच्या कंपनीत कामाला, ड्युटी संपली की घरी येणारा. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते.

चंद्रभागेचा नवरा भिकू ऐन आषाढात गेला. राजेंद्र मुंबईहून निघाला, तो महाडात अडकला. सावित्रीचं पाणी रस्त्यावर चढलेलं. तिथून त्यानं भरतला फोन केला, "मी येतोय. थांब. माझ्याशिवाय अग्नी देऊ नको." भरत थांबला. सकाळचा दुपारपर्यंत, दुपारचा दिवेलागणीपर्यंत. इकडे ओढा फुगत चाललेला. पलीकडची स्मशानाची वाट बंद व्हायला आली, नि वाडीतली जुनी माणसं ओरडायला लागली, की मढं रात्रभर घरात ठेवतोस काय रे? शेवटी भरतनं अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी राजेंद्र गुडघाभर चिखल तुडवत आला, तेव्हा राख उरली होती. तो तिथं लहान पोरासारखा रडला, आणि मग भरतकडे वळून म्हणाला, "थोरला मी. माझ्या बापाला अग्नी देनारा तू कोन?"

त्यानंतर तो घरात आला नाही. गावी आला तरी चुलत्याकडे उतरायचा, आईला ओटीवरूनच भेटून जायचा. चंद्रभागेला दुसरं काही नको होतं. दोन्ही पोरं एका घरात उठलेली बघायची होती, बस्स. ती नवस बोलली, रडली, ओरडली. काही उपयोग झाला नाही.

मग तिला कोंबडा आठवला.

शिमग्याला देवाची पालखी घरी येणार होती. तिनं राजेंद्रला फोनवर चक्क थाप मारली. "भरतला रजा नाय. तो बिरवाडीतच झोपनार हाय. माझ्यानं एकटीनं होत नाय रे, एक रात तरी घरात ये." आई ती शेवटी आईच. राजेंद्र एकटाच आला, जेवला, माजघरात आडवा झाला आणि प्रवासाच्या शिणानं लगेच घोरायला लागला. उशिरा भरत ड्युटीवरून आला. "बल्ब गेलाय रे, असाच झोप," असं म्हणून तिनं त्याला हाताला धरून शेजारच्या अंथरुणावर नेऊन सोडलं. पालखीला आलेला कुणीतरी पाव्हणा असेल, असं समजून तो दमलेला पोर पडल्या पडल्या झोपला.

पहाटे ती उठून बघते, तर काय! राजेंद्रचा हात झोपेत भरतच्या अंगावर पडलेला. लहानपणी दोघं अस्सेच झोपायचे. चंद्रभागेला इतका आनंद झाला, की तोंडात पदर कोंबून ती चुलीपाशी जाऊन रडली. मग तिनं चहा ठेवला.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? परसात तिघं एकामागून एक आरवले. राजेंद्रनं डोळे उघडले. हाताखाली कोण आहे ते बघितलं, आणि विस्तव लागावा तसा हात काढून घेतला.

"आये, फसवलंस मला," तो म्हणाला आणि पिशवी शोधायला लागला.

भरत उठून बसला. त्याला आधी काही कळेना. मग चार वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी बोलला, "दादा, च्या तरी घे. थांब थोडा."

राजेंद्र दारात वळला. "मी पन थांब म्हनालो होतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. पण तो गेला. उतारावरून पोलादपूरच्या गाडीकडे जाताना त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

चहा उतू गेला. चंद्रभागेनं परसात जाऊन खुराडं उघडलं. तिन्ही कोंबडे एकमेकांना घासत बाहेर पडले. तिनं सवयीनं चार ठिकाणी कण्या टाकल्या आणि पायरीवर बसली. भरत तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "कोंबडं इसरतं. मानूस कुठं इसरतो?"

मग तिनं मागे वळून त्याचा हात धरला.

"ऐक. मी मेले की दादाला फोन कर. नि तो येईस्तोवर थांब. ओढा भरू दे, लोक ओरडू देत, मला वास सुटला तरी थांब."

"थांबन, आये," भरत म्हणाला. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि तिच्या मांडीत तोंड घालून रडला.