जाळीवरचा शेक

माझी दोन्ही बाळंतपणं सिझरिंगची. दुसऱ्या वेळच्या टाक्यांतून पुढे हर्निया बाहेर आला आणि मळ्यातल्या झेंडूचे क्रेट उचलून उचलून वाढत गेला. शेवटी नाशिकला ऑपरेशन करून पोटात प्लास्टिकची जाळी बसवली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराला परकी वस्तू खपत नाही, ताई. आधी सूज येईल, पाणी साठेल. जाळी पचवताही येत नाही आणि हाकलताही येत नाही म्हटल्यावर शरीर तिच्या भोकाभोकांतून मांस विणून तिला जखडून टाकतं. त्या विणीवरच तुमचं पोट टिकणार आहे. तोवर पट्टा बांधा, काही उचलू नका."

न खपणारीला घरातच जखडून ठेवायची रीत मला नवी नव्हती. सासूबाईंच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली होती.

आठव्या दिवशी टाक्यांपाशी पाण्याचा फुगवटा आला. आपोआप जिरेल, काही करू नका, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं. पण सासूबाईंचं गणित एकच: बाईचं पोट फाडलं म्हणजे बाळंतपण. माझा पट्टा बघून तर त्यांची खात्रीच पटली. माळ्यावरची शेगडी खाली आली, ओव्याची धुरी झाली.

"पानी शेकानंच आटतं. तुझी दोन बाळंतपणं मीच काढली ना?"

मी ठाम नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याचा मला अजून संताप येतो.

फडक्याची घडी तव्यावर तापवून त्यांनी पोटावर दाबली. "लागतं का?"

"नाही."

खरंच लागत नव्हतं. ऑपरेशननंतर टाक्यांभोवतीची कातडी बधिर झाली होती, हे आम्हा दोघींना कुठे ठाऊक! लागत नाही म्हणून त्या घडी आणखी तापवत राहिल्या. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी घडी उचलली तर कातडी फडक्याला चिकटून आली.

"जखमेत पू झालाय. तो जाळीपर्यंत गेला तर जाळी काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आणि ती आता सुटी निघणार नाही. भोवतीचं मांस कापूनच काढावी लागेल. मग पोट पुन्हा उघडं."

महिनाभर रोज ड्रेसिंग. नवरा म्हणाला, "आईनं मनापासून केलं गं." मी त्याला खोलीबाहेर घालवलं. मनापासून केलं म्हणून भाजायचं थोडंच थांबतं? डॉक्टरीणबाई जखमेत बघायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे. ज्या जाळीला माझं शरीर वैरीण समजत होतं, तीच राहावी म्हणून मी देवापुढे हात जोडत होते.

जाळी राहिली. सासूबाई शेजारच्या मळ्यात सांगून आल्या, "शेक दिला म्हनून पानी आटलं."

दसऱ्याची तोडणी सुरू व्हायच्या आधी एका दुपारी मी आडवी पडले होते. त्या आल्या, माझा पदर बाजूला केला आणि डाग पहिल्यांदा नीट बघितला.

"लय भाजलं गं. माझंच चुकलं." डोळे पुसून त्यांनी डागावर हात ठेवला. एकवीस वर्षांत असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता. मला तो नुसता दिसला.

"लागतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि पदर ओढून घेतला.