हौसाकाकीचा बाटलीपाम

पनवेलच्या खाडीकडे, मिठागरांच्या वाटेवर आगऱ्यांची पंधरा-वीस घरं होती. तिथं कुठल्याही झाडाला पहिला प्रश्न एकच विचारत: देतं काय? नारळ फळ देतो, छपराला झापं देतो, वाळला तर चुलीत जातो. शेवगा, केळ, चिंच, सगळ्यांची बाजू भक्कम. नुसत्या शोभेच्या झाडाला आमच्यात कुणी उभं करत नसे. अशा वस्तीत हौसाकाकीनं बाटलीपाम लावला, आणि तोही काशिरामआबांच्या दारात.

काशिरामआबा तिचे सासरे. हयात मिठागरात गेली, पण नाव गाजलं ते नारळामुळे. त्यांच्या हातचं रोप मेलं असं कुणी ऐकलं नव्हतं. कुणाला नारळ लावायचा असला की आबांना बोलावणं जाई. आबा मुंडासं बांधून जात, खड्ड्यात डोकावत आणि 'अजून खोल' एवढंच म्हणत. त्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. हौसाकाकी मात्र बोलायची. मला ती त्यासाठीच आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

काकी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन पनवेलात घरोघर फिरायची. तांदळाचे व्यापारी अब्दुल्लाशेठ यांच्या बंगल्यात फाटकापासून ओट्यापर्यंत दोन्ही अंगांना बाटलीपाम होते. पांढरट गुळगुळीत खोड, मधे जरा पोट सुटलेलं, वर हिरवीगार मान आणि तिच्यावर झापांचा तुरा. काकी पाटी उतरवून बघतच राहायची. एकावन्न साल असेल, शेठची बीबी बिल्कीस एकदा हसून म्हणाली, "हौसा, मीठ विकायला येतेस की झाडां बघायला?"

"दोन्ही," काकी म्हणाली. "याचा बी देता काय?"

"खाली पडलंय ते सगळं तुझंच. ने खुशाल."

पदराच्या गाठीत बांधून आणलेलं बी तिनं फुटक्या मडक्यात पेरलं. महिने गेले. सगळ्यांनी आशा सोडल्यावर एकच कोंब वर आला. दोन वर्षं तिनं तो परसात, कोंबड्यांपासून राखत वाढवला आणि मग दारापुढची जागा मागितली. तिथला जुना नारळ वीज पडून गेला होता, आणि त्या जागी नवा नारळ लावायचं आबांच्या मनात होतं.

"याला फल नाय, याची झापां कामाची नाय," आबा म्हणाले. "मंग लावाचा कनाला?"

"आबा, पोटाला लागतं ता सगला आपले अंगनान हाय. डोल्यांना लागतं ता कायच नाय."

आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "यो पावसाला तुजा. दिवालीला झार हिरवा दिसला त ऱ्हवंदे. नाय त मी नारल लावीन, आन परत ह्या गोष्टीला तोंड उघराचा नाय."

मृग लागला आणि काकी खणायला बसली. आबा ओटीवरून बघत होते. झाड त्यांना नको होतं, पण चुकीचा खड्डा त्यांच्यानं बघवेना. "खड्डा हाय का उंदराचा बील?" म्हणत ते उठले आणि फावडं हिसकावून घेतलं. कंबरभर खोल खणलं. तळाला सुक्या मासळीचा कुटा घातला, आणि मीठ. नारळाच्या खड्ड्यात मीठ सगळं कोकण घालतं. इतर लोक मूठ-दोन मुठी घालतात. आमच्याकडे मीठ घरचंच, हात कोण आखडणार? आबांनी पाटी उपडी केली. वर रोप इतकं खोल बसवलं की जमिनीवर नुसती पानं दिसत होती. सासऱ्यानं आपल्या हातानं झाड लावलं, या आनंदात तिनं त्या दिवशी आबांना जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकर पोटभर वाढली.

श्रावणात पानांची टोकं करपली. गणपतीपर्यंत निम्मं रोप तपकिरी झालं. आणि विहिरीवरच्या बायकांची तोंडं सुटली: म्हाताऱ्यानं मुद्दाम मारलं. सुनेची जिरवली. मला त्या बायकांचा राग आजही येतो. आबा तिरसट होते, कपटी नव्हते. पैज ते जिंकत आले होते, पण त्यांच्या हाताचा लौकिक चालला होता. आबांनी ओटीवर बसणं सोडलं. काकीनं नुसती मान डोलावली असती तरी गावानं त्यांना फाडून खाल्लं असतं. तिच्या जागी मी डोलावली असती.

गौरी गेल्या त्या सकाळी काकी रोपापाशी बसली. खुरप्यानं खोलवरची माती काढली आणि चिमूट जिभेवर ठेवली. मिठागरातली माणसं पाणी न् माती अशीच पारखतात. ती थुंकली, उठली आणि मूठभर माती घेऊन आबांपुढे उभी राहिली.

"आबा, चाखा."

"मना शिकवतंस?"

"शिकवत नाय. चाखा."

आबांनी चाखली. तोंड वाकडं झालं. मग काकी हळूच म्हणाली, "यो नारल नाय, आबा. आपन त्याला नारल समजलो."

तुम्ही नाही, आपण. आबांनी हातातली माती झटकली आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

दोघांनी मिळून रोप वर काढलं. काकीनं मुळं गोड्या पाण्यात खळखळून धुतली. तिचा नवरा रामू, एरवी महिन्यातून दोन शब्द बोलणारा, न सांगता बैलगाडी जुंपून गाढी नदीचा गाळ घेऊन आला. खड्डा बुजवून गुडघाभर उंचवटा केला, भोवती चर काढला, म्हणजे पाऊस उरलासुरला खार धुऊन नेईल. त्यावर रोप लावलं, या वेळी अगदी उथळ.

दिवाळीला झाड म्हणजे नुसता दांडका होता. जुनी पानं जळून गेलेली. नरकचतुर्दशीला शेजारचा भगवान फराळ चघळत आला आणि म्हणाला, "आबा, नारलाचा रोप आनू काय?"

आबा त्याला मानेला धरून झाडाशी घेऊन गेले. मधल्या कोवळ्या पानाची मिटलेली सुरळी बोटभर उलगडली होती. "यो रंग कंचा?"

"हिरवा," भगवान म्हणाला.

"मंग जा घरी."

उन्हाळ्यात गोडं पाणी लांबून आणावं लागे. काकी हंडा घेऊन निघे, आणि तिच्यामागे आबा खांद्यावर कावड घेऊन. "आबा, नारल कवा लागतील?" म्हणून पोरं चिडवत. आबा मात्र झाडाला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसत. पहिली काही वर्षं ते झाड जमिनीशीच घुटमळलं. मग एकदा खोड धरलं आणि असं सुटलं, की घराचं कौल खाली राहिलं.

बासष्टच्या वैशाखात काकीच्या मुलीचं, चंद्रावतीचं लग्न निघालं. मांडव बाटलीपामाला लागूनच घातला होता. अब्दुल्लाशेठ आणि बिल्कीसबीबी टांग्यातून आले. शेठ मांडवात शिरायचे सोडून झाडाखाली उभे राहिले. बोट लावून खोड बघितलं, वर बघितलं. "काशिराम," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या बंगल्यात इतकी सारी झाडं, पण असं एक नाही. तुझ्या हाताला बरकत आहे, भाई."

वऱ्हाड ऐकत होतं. विहिरीवरच्या त्या बायकाही होत्या. आबा तेव्हा काठी टेकत चालायचे. त्यांनी नुसतं हसून मान तुकवली असती तरी चाललं असतं, कुणाची काही हरकत नव्हती.

"नाय शेठ," आबा म्हणाले. "माज्या हातानं यो मेला होता. मीठ घालून मी मारला. जगवला तो माजे सुनेनं."

आमच्याकडे चार लोकांत सुनेचं कौतुक करायची रीत नव्हती. सासऱ्यानं तर नाहीच नाही. आबांनी काठी उचलून आत रोखली, तिथं काकी वरणाचा टोप उतरवत होती. "हौसा," त्यांनी हाक मारली, "भायेर ये. शेठला तुजा झार दाखव."

काकी पदराला हात पुसत बाहेर आली. डोळे भरले होते ते तिनं लपवले नाहीत. शेठच्या शेजारी उभी राहिली, मान वर केली आणि सगळ्या वऱ्हाडादेखत मोठ्यानं हसली.