थोरल्याचा खुंट

धक्क्यावरच्या मावशीचं काम सांगायला सोपं होतं. बोट आली की फेकलेला दोर झेलायचा, खुंटाला दोन वेढे देऊन अडकवायचा, फळी टाकायची आणि घाईने उतरणाऱ्यांना "सावकाश, गाव कुठे पळून चाललं नाही" असं दरडावायचं. लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत होती, आधी नवऱ्याच्या बोटीसाठी आणि तो गेल्यावर दोन मुलांच्या बोटींसाठी. दोर झेलण्यासाठी तिला बोटीची वाट बघत उभं राहावं लागत नसे. नदीच्या वळणावर इंजिन वाजलं की ती हातातलं काम टाकून उठायची, आणि बोट दिसायच्या आधीच तिचे हात पुढे झालेले असायचे. रोज बोटीने येणारा न्हावी म्हणायचा, "मावशीचे कान वळणावरच मुक्कामाला असतात, फक्त जेवायला घरी येतात."

धक्क्याला खुंट दोन. पायऱ्यांसमोरचा पहिला थोरल्या मुलाचा, टोकाकडचा दुसरा धाकट्याचा. नियम त्यांच्या बापाचा होता. दोन्ही बोटी एकदम आल्या तर धाकट्याने बाहेर थांबायचं, थोरल्याची बोट लागली की मगच आत यायचं. बापाने दोन्ही बोटींना इंजिनंही एकाच दुकानातून, एकाच बनावटीची घेतली होती, म्हणजे पुढे भावाभावांत कुरबुर नको. त्यांचे आवाज इतके सारखे की नदीवर जन्म काढलेल्या माणसांचीही फसगत व्हायची. मावशीची होत नसे. थोरल्याचं इंजिन खोकायचं. नीट वाजता वाजता मध्येच एक ठोका घशात अडकायचा, आणि मग पुन्हा सुरळीत.

थोरला गेला तो पुराच्या वर्षी. वरच्या अंगाला बांधलेली बोट वाहून जाईल म्हणून तो एकटाच आणायला गेला होता. संध्याकाळी वळणावर ते खोकणारं इंजिन वाजलं. मावशीच्या जिवात जीव आला. ती पहिल्या खुंटापाशी हात पुढे करून उभी राहिली. आवाज वळणावर आला आणि थांबला. बोट आली नाही. पाणी ओसरल्यावर लोकांनी नदी पालथी घातली, पण बोटीची एक फळीही हाती लागली नाही, मुलगा तर दूरच.

त्यानंतर धक्क्याला धाकट्याची एकच बोट उरली. तरी मावशी त्याचा दोर दुसऱ्या खुंटालाच बांधत राहिली. तिथल्या पायऱ्या फुटलेल्या होत्या, फळी तिरकी बसायची, म्हातारी माणसं एकमेकांना धरून जीव मुठीत घेऊन उतरायची, आणि समोर पहिला खुंट मोकळा. कुणी चकार शब्द काढत नसे. एका नवख्या माणसाने "बोट इथे का नाही लावत?" असं विचारलं, तेव्हा न्हाव्याने त्याला असा चिमटा काढला की तो बिचारा महिनाभर दुसऱ्या बाकावर बसला.

पुढे धाकट्याच्या इंजिनालाही खोकला लागला. निदान मावशी तसं म्हणायची. दिवसभर नाही, फक्त संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला. "अरे, तुझं इंजिन दादासारखं खोकतंय, दाखव की कुणाला तरी." मेकॅनिक आला, त्याने सगळं खोलून पाहिलं. "मावशी, इंजिन ठणठणीत आहे. कान दाखवा कुणाला तरी." त्या दिवशी मेकॅनिकला चहा मिळाला नाही.

अशी वर्षं चालली होती, आणि धाकट्याच्या डोक्यात सोलर शिरलं. तो अबोल माणूस, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. डिझेलचा धूर गिळून त्याचा घसा कायमचा बसला होता, आणि बोटीमागे पाण्यावर पसरणारा तवंग बघून त्याला आपणच नदीत थुंकल्यासारखं वाटायचं. बोटीवर त्याने हे बोलून दाखवलं मात्र, प्रवाशांना आयता विषय मिळाला.

"ढग आले की काय करायचं? पोहत जायचं?" न्हावी म्हणाला.

"बॅटऱ्या आहेत की."

"पाण्यात करंट उतरला म्हणजे?" कोळीण पाय वर घेऊन बसली. अजून एक तारही आली नव्हती.

शाळेतल्या बाई मात्र खूश होत्या. जगाचं कसं तापत चाललंय, आपण कसं काहीतरी केलं पाहिजे, हे त्या पलीकडचा काठ येईपर्यंत सांगत राहिल्या. न्हावी म्हणाला, "बाई, बोट तुमच्या बोलण्यावर चालवली तर बॅटरीही नको."

मावशीने घरी सगळ्या शंका काढल्या. छपरावर वजन होईल, वाऱ्याने पत्रे उडतील, शॉक बसेल. धाकट्याने एकेकीचं नीट उत्तर दिलं. शेवटी तिच्याकडे खरी शंका तेवढी उरली.

"आवाजाचं काय? तू आलास हे मला कळणार कसं?"

"भोंगा बसवतो."

"भोंगा कुणीही वाजवतं," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. स्वच्छ घासलेली भांडी तिने पुन्हा घासली. धाकट्याच्या येण्याची तिला काळजी नव्हती, तो काय, येणारच होता. संध्याकाळी वळणावर ते इंजिन खोकलं की घटकाभर थोरला येतोय असं तिला वाटायचं. तेवढ्या घटकेवर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची. इंजिन गेलं की तेही जाणार होतं.

सोलरवाला आला. त्याने छपरावर लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली, प्रत्येक नटाखाली रबर घातलं, पॅनेल चढवले आणि तारा नळीतून खाली आणल्या. बॅटऱ्या बोटीच्या मधोमध, तळाशी ठेवल्या. इंजिन उचललं तशी बोटीची मागची बाजू वर आली आणि नाक पाण्यात गेलं. मग वाळूची पोती टाकून तोल सांभाळला. काढलेलं इंजिन धक्क्यावर ठेवून त्यावर प्लास्टिक टाकलं. मावशी त्याच्या शेजारी बसून राहिली.

संध्याकाळ झाली. सोलरवाला गेला होता. धाकटा बोटीत वाकून तारा जोडत होता. आणि वळणावर इंजिन खोकलं.

मावशी उठली. सवयीने हात पुढे झाले. मग तिच्या लक्षात आलं. तिने प्लास्टिकखाली हात घालून इंजिनाला लावला. ते गार होतं. नदीवर दुसरी बोट नव्हती. आवाज वळणापर्यंत आला आणि थांबला.

"काय झालं, आई?"

"काही नाही."

ती खाली बसली. धाकट्याच्या इंजिनाला कधी खोकला लागलाच नव्हता. मग इतकी वर्षं रोज संध्याकाळी वळणापर्यंत येऊन कोण थांबत होतं?

नवी बोट सुरू झाली आणि आठवडाभरात लोकांचे सूर बदलले. कोळीण पाय खाली सोडून बसू लागली. बाईंना डुलकी लागायची. न्हाव्याची एकच तक्रार होती, बोटीत इतकं शांत की कुणाची निंदा करायची सोय राहिली नाही. धाकटा पॅनेल रोज फडक्याने पुसायचा. पण धक्क्याला बोट लागताना त्याचा चेहरा उतरायचा. कारण मावशी आता त्याच्याकडे पाठ करून, वळणाकडे तोंड करून उभी असायची. दोर तिच्या पायाशी पडायचा, घसरून पाण्यात जायचा, तरी तिला पत्ता नसायचा.

"आई, दोर!" एकदा तो जोरात ओरडला. लोक उतरून गेल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मी येतो, समोर उभा राहतो, आणि तू माझ्या मागे बघतेस. जिवंत मी आहे ना, आई? मी एकदा तरी दिसतो का तुला?"

त्याने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तो येतो रे," ती म्हणाली. "रोज येतो. वळणापर्यंत येतो आणि थांबतो. पुढे का येत नाही, तेच कळत नाही."

आईला खुळी ठरवणं सोपं होतं. पण धाकट्याने तसं केलं नाही. त्याने दोर गुंडाळला आणि वळणाकडे बघितलं, मग पहिल्या खुंटाकडे.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. बोट बॅटरीवर सावकाश चालत होती. शेवटच्या फेरीच्या वेळी मावशी पहिल्या खुंटापाशी उभी होती. आवाज आला, खोकला, वळणावर थांबला. तिने डोळे पुसले आणि मागे वळली. धाकट्याची बोट केव्हाच आली होती. धक्क्यापासून थोडी बाहेर, पाण्यावर नुसतीच उभी होती.

"का थांबलो रे?" कुणीतरी विचारलं. "लाव की बोट."

"जरा थांबा," धाकट्याचा बसका आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. "दादाची बोट लागायचीय. तो लागला की मग आपण."

कुणी हसलं नाही. कधी गप्प न बसणारा न्हावीही खाली मान घालून बसला.

आणि वळणावर इंजिन पुन्हा सुरू झालं.

आवाज वळण ओलांडून पुढे आला. तो अडकणारा ठोका, मग सुरळीत, मग पुन्हा अडकणारा. पाणी मोकळं होतं, काही दिसत नव्हतं, आणि आवाज पायऱ्यांपर्यंत आला. थोरला नेहमी बंद करायचा तिथेच तो बंद झाला. मावशीने हात पुढे केले. तिने रिकाम्याच मुठी मिटल्या, वाकून खुंटाला दोन वेढे दिले, गाठ ओढली. मग फळी उचलून टाकली. तिचं एक टोक कशाला न टेकता हलत राहिलं.

"सावकाश," ती म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. माणसाला पायऱ्या चढून वर जायला लागतो तेवढा वेळ. मग तिने फळी मागे ओढली आणि बोटीकडे बघितलं. छपरावरच्या काळ्या पॅनेलांखाली धाकटा दोर हातात घेऊन उभा होता. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिला आज दिसले.

"ये रे आता."

त्याने सवयीने बोट दुसऱ्या खुंटाकडे वळवली.

"तिकडे नको," मावशी म्हणाली. "इकडे ये. तुझा दादा उतरला."

धाकट्याने दोर फेकला. या वेळी तो तिने हवेतच झेलला. ओला होता, आणि चांगला जड होता. पहिल्या खुंटाला दोन वेढे देऊन तिने तो घट्ट बांधला.